स्त्रीवेष, नृत्यातील

स्त्रीवेष, नृत्यातील : पुरुष नर्तकाने स्त्रीपात्राची वेशभूषा, केशरचना, अलंकार व अंगविक्षेप धारण करून केलेले नृत्य वा नृत्याभिनय. भारतातील कुचिपुडी, भागवतमेळा, कथकळी, गोटीपुआ, सत्रिय, यक्षगान, तमाशा इ. प्रकारांत ही प्रथा दीर्घकाळ रूढ होती व काहींत ती आजही आहे. अमरकोशात स्त्रीवेषधारी नर्तकासाठी ‘भ्रूकुंस’ असा स्वतंत्र शब्द दिलेला आहे, यावरून तिचे प्राचीनत्व ध्यानात येते. स्त्रीवेषाचे विवेचन सामान्यतः नटाच्या कौशल्याचे कौतुक म्हणून केले जाते. ते कौतुक अस्थानी नाही. परंतु तेवढ्यावर थांबल्यास या कलेतील दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, नृत्यातील ‘स्त्री’ ही पाहून नक्कल केलेली नसून आहार्य व आंगिक यांच्या साहाय्याने रचलेली असते. दुसरी, ज्या रंगमंचावर पुरुषाने ही स्त्री रचली, तेथे प्रत्यक्ष स्त्रीला बहुधा प्रवेश नव्हता, किंवा असलेला प्रवेश तिच्याकडून काढून घेण्यात आला होता.

भरताच्या नाट्यशास्त्रात या दोन्ही बाजूंचे सूचन आहे. पुरुषाने स्त्रीची वा स्त्रीने पुरुषाची भूमिका करण्यास तेथे ‘रूपानुसारिणी’ ही संज्ञा असून त्याबद्दल कोणताही निषेध व्यक्त केलेला नाही. याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मात्र कैशिकी वृत्तीची, म्हणजे शृंगार, ललित हालचाली व सुंदर वेष यांनी युक्त अशा प्रयोगाची कथा येते. ही वृत्ती स्त्रियांवाचून पुरुषांना साधणार नाही असे भरत ब्रह्मदेवास सांगतो आणि त्यासाठी ब्रह्मदेव अप्सरा निर्माण करतो. शास्त्राने जे केवळ पुरुषांकडून अशक्य मानले, तेच पुढे कित्येक शतके पुरुषांनी आपले वैशिष्ट्य म्हणून मिरविले. परंपरेचे अभिमानी नाट्यशास्त्राचा आधार घेताना ही कथा सहसा सांगत नाहीत.

कुचिपुडी : या विषयाचे सर्वांत समृद्ध उदाहरण आंध्र प्रदेशाच्या कृष्णा जिल्ह्यातील कुचिपुडी या गावाचे होय. परंपरेनुसार सतराव्या शतकातील सिद्धेंद्र योगी याने भामाकलापम् ही सत्यभामेची नृत्यनाटिका रचली व गावातील ब्राह्मण कुटुंबांतील प्रत्येक पुरुषाने आयुष्यात एकदा तरी सत्यभामेची भूमिका करावी, अशी शपथ घेवविली. गोवळकोंड्याचा कुत्बशाही सुलतान अबुल हसन तानाशाह (कार. १६७२–८७) याने हे गाव या कलावंतांना दान दिले, असेही परंपरा सांगते. या कथांचा ऐतिहासिक तपशील वादग्रस्त आहे. त्यांतून व्यक्त होणारी समजूत मात्र निःसंदिग्ध आहे : सत्यभामा होणे हे ब्राह्मण पुरुषाचे धर्मकर्तव्य आणि जन्मसिद्ध अधिकार, स्त्रीचा येथे संबंध नाही.

सत्यभामेचा प्रवेश हा नृत्यरचनेचा उत्तम नमुना आहे. दोघांनी धरलेल्या पडद्यामागे नट उभा असतो. प्रेक्षकांना प्रथम दिसते ती पडद्यावरून पुढे टाकलेली, अलंकारांनी मढविलेली लांबलचक वेणी. या वेणीतून नट सभेतील जाणकारांना आव्हान देतो. आपल्यास कोणी जिंकले, तर वेणी कापून देईन असा तिचा अर्थ असतो, अशी समजूत आहे. चेहरा, डोळे, चाल हे सारे नंतर येते. म्हणजे नटाच्या देहाचा जो भाग सर्वांत कृत्रिम, सहज काढून ठेवता येण्याजोगा, तोच स्त्रीत्वाची पहिली खूण म्हणून पुढे केला जातो. फसवणूक करण्याचा हेतू असता, तर हा क्रम नेमका उलटा ठेवावा लागला असता. प्रेक्षकाला पडद्यामागे पुरुष आहे हे ठाऊक असते, नटाला ते प्रेक्षकाला ठाऊक आहे हे माहीत असते, आणि या सामाईक जाणिवेवरच रंग भरतो. त्यानंतर खांद्यांचा हलका झोक, मानेचा गर्वयुक्त कल, वेणी हाताशी घेऊन केलेली वळणे यांतून सत्यभामा क्रमाक्रमाने उभी राहते. कथानक अखेरीस या मानी स्त्रीला नमवते. जीवात्म्याचा अहंकार गळून तो परमात्म्याशी एकरूप होतो, असा त्याचा आध्यात्मिक अर्थही लावला जातो. नृत्यरचनेला मात्र तिच्या नमण्यापेक्षा तिच्या तोऱ्यातच अधिक गोडी आहे. प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो तोही प्रवेशच.

या नाटिकेतील दुसरे पात्र समीक्षकांनी जवळजवळ दुर्लक्षित केले होते. सूत्रधार हाच सत्यभामेशी बोलताना तिची सखी माधवी असतो आणि कृष्णाशी बोलताना कृष्णाचा सखा माधव होतो. यासाठी तो वेष बदलत नाही. पुरुषी पोशाखातच तो सत्यभामेचे विरहदुःख ऐकतो, तिची थट्टा करतो, निरोप पोहोचविण्याच्या मोबदल्यात तिची नथ मागतो. सत्यभामेच्या वेषाला तासन्‌तास लागतात. माधवीला काहीच लागत नाही. एकाच रंगमंचावर स्त्रीत्वाच्या दोन रीती शेजारी शेजारी उभ्या असतात : एक अलंकारांनी घडविलेली, दुसरी केवळ संबोधनाने मान्य केलेली. मराठी वाचकाला येथे तमाशातील गौळणीतली ‘मावशी’ सहज आठवेल. तीही अनेकदा पुरुषी पोशाखावरच पदर घेऊन उभी राहते, तीही मध्यस्थ असते, आणि तिला स्त्री मानण्यात कोणाही प्रेक्षकाला अडचण पडत नाही. या दोन पात्रांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. मध्यस्थाचे लिंग सैल ठेवण्याची नाट्ययुक्ती दोहोंकडे स्वतंत्रपणे उपयोगी पडली असावी.

विसाव्या शतकात सत्यभामेच्या भूमिकेस अखिल भारतीय कीर्ती मिळवून दिली, ती वेदांतम् सत्यनारायण शर्मा (१९३५–२०१२) यांनी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६१ मध्ये, तर पद्मश्री १९७० मध्ये मिळाली. सत्यभामेखेरीज उषापरिणयातील उषा व विप्रनारायणातील देवदेवी या त्यांच्या भूमिकाही गाजल्या. त्यांच्या आंगिक अभिनयातील नजाकत आणि वाचिकावरील प्रभुत्व वादातीत आहे. जुन्या पद्धतीच्या कुचिपुडीत नट स्वतः गातो व बोलतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. त्यांच्याविषयी वारंवार काढला जाणारा उद्‌गार असा, की स्त्रियांनाही इतकी स्त्री साधत नाही. अशीच स्तुती मराठी रंगभूमीवर नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या वाट्याला आली. ते नर्तक नव्हेत. पण त्यांच्या लुगडी नेसण्याचे व दागिन्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, हे सर्वश्रुत आहे. या स्तुतीत एक अन्याय लपलेला आहे. ज्या स्त्रियांशी तुलना केली जाते, त्यांना त्या रंगमंचावर उभे राहण्याची परवानगीच नव्हती. स्पर्धकाला मैदानाबाहेर ठेवून मिळविलेला विजय कलावंताचा दोष ठरत नाही. पण समीक्षेने त्या विजयाची नोंद करताना मैदानाचे कुंपणही नोंदविले पाहिजे.

तेलुगू प्रदेशाच्या किनारपट्टीत तर हे कुंपण अगदी अलीकडचे आहे. भामाकलापम् व गोल्लकलापम् यांचे प्रयोग तेथील कलावंतुलु या वंशपरंपरागत नर्तकींच्या समाजातील स्त्रियाही करीत असत. त्यांची सत्यभामा स्त्रीनेच साकारलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नाचविरोधी चळवळीने आणि त्यानंतर १९४७ च्या मद्रास देवदासी प्रतिबंधक कायद्याने या स्त्रियांची कला व उपजीविका दोन्ही हिरावली गेली. देवास मुली वाहण्याची प्रथा थांबविणे हा कायद्याचा हेतू होता आणि त्याच्या समर्थकांत त्याच समाजातून आलेल्या स्त्रियाही होत्या, हे विसरता येत नाही. परिणाम मात्र असा झाला, की स्त्रीच्या देहावरील शृंगार निंद्य आणि ब्राह्मण पुरुषाच्या स्त्रीवेषातील तोच शृंगार भक्तिमय ठरला. पद एकच, नायिका एकच, हस्तमुद्राही पुष्कळशा त्याच. बदलला तो फक्त वेषाखालचा देह आणि त्या देहाची जात. पुढे कुचिपुडीला शास्त्रीय नृत्याची मान्यता मिळविण्याची खटपट १९५०–६० च्या दशकांत झाली, तेव्हा पुढे मांडला गेलेला इतिहास मुख्यत्वे कुचिपुडी गावातील पुरुषांचा होता.

या काळातील एक प्रसंग उद्‌बोधक आहे. मद्रासचे वकील ई. कृष्ण अय्यर (१८९७–१९६८) हे भागवतमेळ्याशी संबंधित मेलट्टूर नटेश अय्यर यांच्याकडे नृत्य शिकले आणि देवदासींच्या सदिर नृत्यावरील कलंक दूर व्हावा म्हणून स्वतः स्त्रीवेष धारण करून ते नृत्य जाहीरपणे करू लागले. मेलट्टूर हे तंजावर परिसरातील गाव. तेथे नृसिंहजयंतीस होणाऱ्या तेलुगू नाटकांत स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि त्या नाटकांचा प्रमुख रचनाकार वेंकटराम शास्त्री हा तंजावरच्या भोसले राजांच्या काळातील. कृष्ण अय्यरांचा हेतू प्रांजळ होता व त्यांनी पुढे वंशपरंपरागत नर्तकींना मद्रासच्या संगीत अकादमीच्या व्यासपीठावर आणलेही. तरीही स्त्रियांची कला प्रतिष्ठित आहे हे पटविण्यासाठी प्रथम एका प्रतिष्ठित पुरुषाला ती नेसून दाखवावी लागली, यातच त्या काळाची मानसिकता दिसून येते.

स्त्रियांचा पुनःप्रवेश : कुचिपुडी गावाबाहेर स्त्रियांना हे नृत्य शिकविण्याचा प्रारंभ वेदांतम् लक्ष्मीनारायण शास्त्री (१८८६–१९५६) यांनी केला. त्यांचे शिष्य वेंपटी चिन्न सत्यम् (१९२९–२०१२) यांनी मद्रासमध्ये १९६३ साली कुचिपुडी आर्ट अकॅडमी स्थापन केली व तेथून शहरी मध्यमवर्गातील मुलींच्या पिढ्या तयार झाल्या. शोभा नायडू (१९५६–२०२०) यांची सत्यभामा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. या स्थित्यंतराकडे स्त्रीची भूमिका अखेर स्त्रीकडे आली, अशा सोप्या दृष्टीने पाहिले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. या मुलींनी जी सत्यभामा आत्मसात केली, ती पुरुषाच्या देहासाठी रचलेली होती. रुंद खांद्यांना नाजूक भासविण्यासाठी योजलेला झोक आणि लांबून स्त्रीत्व ओळखू यावे म्हणून वाढविलेला नेत्रक्षेप, हे सारे ज्यांना त्याची गरज नव्हती अशा देहांवर चढले. काही प्रयोगांत स्त्रीनर्तकींची सत्यभामा अतिरंजित वाटते, तिचे मूळ प्रस्तुत लेखकाच्या मते नर्तकीच्या उणिवेत नसून या वारशात आहे. चिन्न सत्यम् यांनी रेषा स्वच्छ केल्या, समूहरचना बांधेसूद केली, ग्राम्य विनोद कमी केला. मात्र नव्या पद्धतीत गायन व संवाद बव्हंशी पार्श्वगायकांकडे गेले आणि नर्तकीला ओठांची हालचाल तेवढी उरली. स्त्रीला देह परत मिळाला, तेव्हा वाणी गेली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. जुन्या सत्यभामेचे वैभव तिच्या भांडखोर बोलण्यात होते.

ओडिशात याच घडामोडीचे वेगळे रूप दिसते. जगन्नाथमंदिरातील माहारी या देवदासींच्या नृत्याबरोबरच तेथे गोटीपुआ ही मुलग्यांच्या नृत्याची प्रथा होती. लहान मुलगे केस वाढवून, अंबाडा व फुले, साडी, काचुळी आणि दागिने लेवून राधाकृष्णविषयक गीतांवर नाचत. बंध या कसरतीवजा रचना हे त्यांचे वैशिष्ट्य. वयात येताच मुलगा या नृत्यातून बाहेर पडे. म्हणजे येथील स्त्रीवेष प्रौढ पुरुषाचा नसून अद्याप पुरुषत्व न आलेल्या देहाचा आहे आणि त्यामुळे त्यातील शृंगार पाहताना आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करणारे प्रश्न पडू शकतात. प्रथेच्या गौरवपर वर्णनांत त्यांना जागा नसते. पुरीनजीकच्या रघुराजपूर गावचे केलुचरण महापात्र (१९२६–२००४) हे बालपणी गोटीपुआ होते. आधुनिक ओडिसी नृत्याची घडण करण्यात त्यांचा मोठा वाटा असून संयुक्ता पाणिग्रही (१९४४–९७) यांच्यासारख्या नर्तकी त्यांनी तयार केल्या. ओडिसीत आज स्त्रीदेहाला स्वाभाविक मानली जाणारी त्रिभंगाची लय अशा रीतीने एकेकाळच्या स्त्रीवेषधारी मुलाच्या स्मृतीतून स्त्रियांकडे पोहोचलेली आहे.

केलुचरण महापात्र यांचे उत्तरायुष्यातील राधाभिनय या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नयेत असे होते. धोतर, उघडी छाती, विरळ केस आणि चेहऱ्यावर वयाच्या खुणा. स्त्रीवेषाचा मागमूस नाही. गीतगोविंदातील पदावर ते पापण्या उचलीत आणि समोर राधा असे. आहार्य पूर्णपणे बाजूला ठेवल्यावर आंगिक व सात्त्विक अभिनय किती भार पेलू शकतो, याची ती कसोटी होती. कुचिपुडीतील वेणी आणि हा उघडा खांदा या दोन टोकांमध्ये भारतीय नृत्यातील स्त्रीवेषाचे सौंदर्यशास्त्र सामावते. पहिल्यात वेष स्त्री निर्माण करतो, दुसऱ्यात वेषाची गरजच उरत नाही. मात्र दुसरे टोक गाठणाऱ्या कलावंताने पहिल्याचे शिक्षण कोवळ्या वयात घेतले होते.

महाराष्ट्रातील नाच्याचे उदाहरण येथे मुद्दाम घ्यावयास हवे, कारण ते वरील चित्राची दुसरी बाजू दाखवते. तमाशात पूर्वी नाच्या पोऱ्या स्त्रीवेषात लावणीवर नाचत असे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात पवळाबाईंसारखी स्त्री उभी राहिली आणि पुढे स्त्रीनर्तकी हेच तमाशाचे मुख्य आकर्षण झाले. नाच्या दुय्यम, हास्याचा विषय बनला. कुचिपुडीच्या ब्राह्मण नटाने स्त्रीवेष उतरविल्यावर तो पंडित, गृहस्थ व गुरू म्हणून गावात वावरे. वेषाने त्याच्या पुरुषत्वाला धक्का लागत नसे, उलट त्याची प्रतिष्ठा वाढे. तमाशातील नाच्या हा बहुधा दलित वा भटक्या समाजातला. त्याच्या बाबतीत वेष उतरविला, तरी शिक्का उतरत नसे. आनंद यादव यांच्या नटरंग कादंबरीत व तीवरील २०१० च्या चित्रपटात हाच पेच आहे. पिळदार शरीराचा गुणा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो, अंग आक्रसतो, चाल बदलतो. आणि त्याची कला जसजशी सिद्ध होते, तसतसा घरच्यांचा दुरावा व बाहेरच्यांचा अत्याचार वाढत जातो. स्त्रीवेषामुळे पुरुषाची प्रतिष्ठा वाढते की जाते, हे नृत्यरचनेवर नव्हे, तर नर्तकाच्या जातीवर व वर्गावर ठरत आले आहे. अलीकडे शहरी नाट्यगृहांत केवळ पुरुषांनी सादर केलेल्या लावणीचे कार्यक्रम लोकप्रिय झाले आहेत. नऊवारी, शालू, घुंगरांचे वजन, सारे यथास्थित असते आणि प्रेक्षकांत स्त्रियांची संख्या मोठी असते. पुरुषाने पुरुषांसाठी नेसलेला स्त्रीवेष स्त्रियांनी निवांतपणे पाहणे, ही गोष्ट लावणीच्या इतिहासात नवी आहे.

कथकळीत स्त्रीवेष ‘मिनुक्कु’ या सौम्य रंगभूषेच्या वर्गात मोडतो. हिरव्या वा तांबड्या रंगाचे थर, चुट्टी नावाची चेहऱ्याभोवतीची पांढरी कड, प्रचंड किरीट व फुगीर घेर हे पुरुषपात्रांचे वैभव. पुरुषपात्र पाय फाकवून, तळव्यांच्या बाहेरील कडांवर भार तोलून उभे राहते. स्त्रीपात्राला ही व्याप्ती नाकारलेली आहे. त्यामुळे तरुण वा दुय्यम नटांकडे स्त्रीवेष सोपविण्याची प्रवृत्ती होती. कोट्टक्कल शिवरामन् (१९३६–२०१०) यांनी दमयंती आणि अन्य नायिकांच्या भूमिकांतून हा समज मोडला. त्यांनी मुद्रांचा पसारा आवरला व चेहऱ्यावरील क्षणिक भावांना महत्त्व दिले. त्यांची नायिका नायकाच्या पदावेळी केवळ बाजूला उभी न राहता ऐकते, विचार करते. नियमांच्या दृष्टीने काही जाणकारांनी त्यांच्यावर आक्षेप घेतले व ते सर्वस्वी निराधार नव्हते, परंतु कथकळीतील स्त्रीपात्राला अंतःकरण आहे हे त्यांच्यामुळे दिसले. उलट दिशेचा प्रयत्न म्हणून तृप्पूणित्तुरा येथे १९७५ साली स्थापन झालेल्या महिलांच्या कथकळी मंडळीचा उल्लेख आवश्यक आहे. त्या मंडळीतील स्त्रिया भीम, दुःशासन, रावण साकारतात. त्या वेषात स्त्रीदेहाची कोणतीच रेषा दिसत नाही. नृत्यातील पुरुषत्वही स्त्रीत्वाइतकेच रचलेले असते, हे यावरून स्पष्ट होते. १९३० साली स्थापन झालेल्या केरळ कलामंडलम् या संस्थेने कथकळीच्या नियमित अभ्यासक्रमात मुलींना प्रवेश दिला तो २०२१ मध्ये.

आतापर्यंतच्या सर्व विवेचनात वेष धारण करणारा व धारण केलेले पात्र यांचे लिंग भिन्न असते, हे गृहीत धरलेले आहे. नर्तकी नटराज यांच्या संदर्भात हे गृहीत लागू पडत नाही. जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या, परंतु स्वतःस स्त्री म्हणून ओळखणाऱ्या या पारलिंगी कलावतीने तंजावरच्या प्रख्यात नट्टुवनार घराण्यातील कि. पो. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–९९) यांच्याकडे भरतनाट्यम्‌चे शिक्षण घेतले. नायकीभाव हे त्यांच्या नृत्याचे प्रमुख क्षेत्र आहे. त्यांना २०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार व २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींची स्वतंत्र ओळख २०१४ मध्ये मान्य केली. त्यापूर्वीच त्यांची कला रंगमंचावर मान्यता पावलेली होती. त्यांची विरहिणी नायिका पाहताना प्रेक्षक पडद्यामागच्या पुरुषाची आठवण ठेवू लागला, तर तो नृत्य चुकीचे पाहतो. भामाकलापम्‌च्या प्रेक्षकाने ती विसरली, तर तोही चुकतो. साडी, वेणी, अलंकार आणि मुद्रा दोन्हीकडे जवळपास सारख्याच असतात. नर्तकी नटराज यांच्या नृत्याची नोंद म्हणूनच ‘स्त्रीवेष’ या शीर्षकाखाली केवळ तुलनेपुरती करता येते. तिचे योग्य स्थान भरतनाट्यम् या नोंदीत, तेथील अन्य नर्तकींबरोबर आहे.